केरी कुठली? विकिपीडियावरचे छोटे तंटे कसे मिटतात

गोव्यात केरी नावाची गावं तीन. एक आमच्या पेडण्यात, तेरेखोलला जाणारी फेरी जिथून सुटते तिथली. दुसरी फोंड्यात, विजयादुर्गेच्या देवळाची. तिसरी सत्तरीत, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी. म्हणून कोणी 'हांव केरीचो' म्हटलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला: 'खंयचे केरीचो?'

दुसऱ्या वर्षाला असताना मी नेमका हाच प्रश्न विचारायला विसरले. आम्हाला प्रकल्प दिला होता: मराठी विकिपीडियावर गोमंतकीय व्यक्तींचे लेख वाचायचे आणि जिथे काही राहिलं असेल तिथे भर घालायची. मी सूरश्री केसरबाई केरकर निवडल्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर ज्यांचा आवाज आहे त्या केसरबाई. एवढ्या लांब पोचलेल्या बाईंचं गाव तरी नीट लिहावं, म्हणून मी 'केरी'च्या पुढे 'पेडणे तालुका' जोडलं. माझं घर हरमलला. केरी म्हटलं की मला आमचीच केरी दिसते.

अर्ध्या तासात माझं संपादन गायब! कारण म्हणून चार शब्द लिहिलेले: 'ही केरी फोंड्याची आहे.'

आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग कुतूहल. हे कोण लोक आहेत? यांना पगार कोण देतो? आणि दोघांचं पटलं नाही तर शेवटचा शब्द कोणाचा? गेलं वर्षभर मी थोडंफार संपादन करते आहे. त्यातून जे कळलं ते इथे मांडते.

लेखाच्या मागची पानं

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. पगार कोणालाच नाही. विकिपीडिया १५ जानेवारी २००१ ला इंग्रजीत सुरू झाला, मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला. दोन्हीकडे लिहिणारे, दुरुस्त करणारे, भांडणारे आणि भांडण सोडवणारे सगळे स्वयंसेवक. आपला छापील मराठी विश्वकोश वाईहून निघाला, पहिला खंड १९७६ साली. तिथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक होते, नोंदीवर वाद झाला तर निवाडा करायला संपादक मंडळ होतं. विकिपीडियावर असा प्रमुख कोणी नाही. मग काम चालतं कसं?

प्रत्येक लेखाच्या मागे दोन पानं असतात, जी आपण सहसा उघडत नाही. एक 'इतिहास'. कोणी, कधी, काय बदललं ते सगळं तिथे राहतं, आणि कोणताही बदल एका क्लिकने उलटवता येतो. माझी पेडण्याची केरीसुद्धा तिथे कायमची नोंदली गेली आहे. दुसरं 'चर्चा' पान. लेख ज्याच्यासाठी आहे तो वाचक तिथे क्वचितच जातो, पण तंटे तिथेच मिटतात.

पद्धत साधारण अशी. तुम्ही धीर करून बदल करता. दुसऱ्याला तो पटत नाही, तो उलटवतो. आता तुम्ही परत उलटवायचं नाही. चर्चा पानावर जायचं आणि आपलं म्हणणं पुराव्यासकट मांडायचं. इंग्रजी विकिपीडियावर तर मोजमापच आहे: एकाच पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं काम उलटवलं, तर तुमचं म्हणणं बरोबर असलं तरी तुमचं संपादन काही काळ बंद होऊ शकतं. बरोबर असणं हे वारंवार उलटवण्याचं कारण चालत नाही. मला हा नियम आधी अन्यायाचा वाटला. मग आमच्या घरातली भांडणं आठवली. तिथेही जो तो बरोबरच असतो.

खरं, आणि दाखवता येणारं

केरीची चूक सरळ होती. माझं दुसरं प्रकरण तेवढं सरळ नव्हतं.

डॉ. भाऊ दाजी लाड. मुंबईत भायखळ्याला ज्यांच्या नावाचं संग्रहालय आहे ते. पूर्वीचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. १९७५ साली त्याला भाऊ दाजींचं नाव दिलं. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे डॉक्टर, दोनदा मुंबईचे शेरीफ, जुने शिलालेख वाचणारे पंडित. आणि जन्म कुठला? मांद्र्याचा, म्हणजे हरमलच्या शेजारच्या गावचा! मी भाऊ दाजींवर लिहायला बसले ते अर्धं अभिमानानेच.

अडलं ते जन्मसालावर. काही ठिकाणी १८२२ छापलेलं सापडतं, काही ठिकाणी १८२४. माझ्याकडच्या पुस्तकात १८२४ होतं, मी तेच घातलं. डिचोलीची माझी मैत्रीण त्याच प्रकल्पात होती, तिच्याकडे १८२२. आम्ही दोघी बसमध्ये यावरून इतक्या भांडलो की कंडक्टरने विचारलं, कोणाचं लग्न ठरतंय?

शेवटी दोघी पाट्ट्यावरच्या कृष्णदास शामा राज्य ग्रंथालयात गेलो. तिथे एक गोष्ट शिकले जी कुठल्या तासाला शिकले नव्हते. पुस्तकं मोजून साल ठरत नाही. एका जुन्या लेखकाने एक साल दिलं, दहा जणांनी ते उचललं, तर ते दहा पुरावे होत नाहीत, एकच होतो. म्हणून बघायचं ते हे की प्रत्येकाने माहिती कुठून घेतली. आणि एवढं करूनही दोन्ही बाजूंना मातब्बर पुस्तकं उरली तर? तर विकिपीडियाचं उत्तर असं: तुम्ही न्यायाधीश होऊ नका. दोन्ही सालं लिहा, कोण कुठलं साल देतो ते लिहा, आणि थांबा.

हे 'थांबा' फार कठीण जातं. परीक्षेत आपल्याला एकच उत्तर लिहायची सवय. इथे कामाचा नियमच असा की संपादकाने स्वतःचं संशोधन लेखात घालायचं नाही. खरं काय ते मला माहीत असून भागत नाही. ते विश्वासार्ह ठिकाणी आधी छापलेलं दाखवता आलं पाहिजे. नाहीतर वाक्याच्या शेपटीला छोटी पाटी लागते: 'संदर्भ हवा'.

हा नियम मोठ्या लेखकालाही सुटत नाही. अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथ यांना २०१२ मध्ये 'द ह्यूमन स्टेन' या स्वतःच्याच कादंबरीवरच्या लेखात चूक दिसली. नायक कोणावरून सुचला याबद्दल तिथे लिहिलेलं होतं ते खोटं आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांना सांगण्यात आलं की लेखकाचा शब्द मोठाच, पण आम्हाला दुसरीकडचा संदर्भ लागतो. रॉथ चिडले आणि त्यांनी 'द न्यू यॉर्कर'मध्ये विकिपीडियाला उघड पत्र लिहिलं. झालं! पत्र छापून आलं, म्हणजे संदर्भ मिळाला. कादंबरीवरच्या लेखात त्यांची बाजू आली.

माझी शामाय, म्हणजे आजी, हे ऐकून अजिबात चकित झाली नाही. गावातली कुठलीही बातमी घरात आली की तिचा पहिला प्रश्न असतो, 'कोणें सांगलें तुका?' आमच्या घरात 'संदर्भ हवा'ची पाटी ती केव्हापासूनच लावत आली आहे.

माणूस आधी, सीमा नंतर

गोव्यातल्या चरित्रांवर एक तंटा पुन्हापुन्हा उठू शकतो: हा माणूस कुठला? गोव्याचा, महाराष्ट्राचा, की पोर्तुगीज प्रजा?

महादजी शिंद्यांचे सेनानी जिवबादादा केरकर घ्या. हे मात्र खरोखर पेडण्याच्या केरीचे. लेखात 'जन्म: गोवा' लिहायचं का? आजच्या नकाशावर बरोबर. पण पेडणं पोर्तुगिजांच्या ताब्यात गेलं १७८८ मध्ये; त्याच्या थोडंच आधी डिचोली आणि सत्तरी गेली. म्हणूनच हे तालुके 'नव्या काबिजादी'. जिवबादादा जन्मले तेव्हा पेडणं सावंतवाडीकर भोसल्यांचं होतं.

आता उलट बाजू. सोहिरोबानाथ आंबिये १७१४ साली बांद्याला जन्मले. बांदा आज महाराष्ट्रात, पण पेडण्यातल्या विर्नोड्याच्या सरकारी कॉलेजला त्यांचंच नाव आहे. एक जण 'गोमंतकीय संतकवी' लिहील, दुसरा 'महाराष्ट्रातील संतकवी' करील, आणि हे आठवडाभर चालेल. प्रत्यक्षात त्या काळी बांदा आणि पेडणं एकाच राज्यात होतं. सीमा नंतर आली. भांडण त्या सीमेचं, आणि ओझं बिचाऱ्या सोहिरोबांच्या डोक्यावर.

असल्या तंट्यात अनुभवी संपादक एक साधी युक्ती वापरतात. शिक्का काढतात आणि वाक्य घालतात. 'गोमंतकीय' की 'महाराष्ट्रीय' हे ठरवत बसण्यापेक्षा लिहायचं: 'बांदा (तेव्हा सावंतवाडी संस्थान, आता सिंधुदुर्ग जिल्हा, महाराष्ट्र) येथे जन्म.' यात दोन्ही पक्षांना नाकारण्यासारखं काही उरत नाही. आणि जागा बदलत राहतात हेही लक्षात ठेवायचं. केसरबाईंचा फोंडा तालुका पूर्वी उत्तर गोव्यात होता, २०१५ पासून दक्षिण गोव्यात आहे. म्हणजे जुन्या लेखातला 'उत्तर गोवा' तेव्हा बरोबर होता. आता चूक ठरतो, आणि कोणीच खोटं बोललेलं नाही!

फादर स्टीफन्स कोणाचे?

ही युक्ती मला सर्वांत जास्त उपयोगी पडली ती फादर थॉमस स्टीफन्स यांच्या बाबतीत, कारण तिथे माझं स्वतःचं काहीतरी अडकलं होतं.

इंग्लंडमधून आलेले हे जेझुइट फादर १५७९ मध्ये गोव्यात पोचले आणि १६१९ मध्ये इथेच वारले. त्यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला रोमी लिपीत छापलं गेलं. भाषा मराठी, ओवीबद्ध. त्यांनीच कोंकणीचं व्याकरणही लिहिलं, ते त्यांच्या मागून १६४० मध्ये निघालं. मराठीच्या अभ्यासक्रमात आपण 'क्रिस्तपुराण' शिकतो, आणि पर्वरीच्या कोंकणी केंद्राला नाव त्यांचंच आहे. मग ते मराठी कवी की कोंकणी पंडित?

गोव्यात हा प्रश्न पुस्तकापुरता राहत नाही. १९८७ चा राजभाषा कायदा होईपर्यंत इथे भाषेवरून काय काय झालं ते आपल्या आईवडिलांनी पाहिलेलं आहे. आमच्या घरी लदीन कोंकणीत, माझी प्राथमिक शाळा मराठीत. तरी मला वर्षातून चारदा तरी कोणीतरी विचारतं, 'क्रिस्तांव न्ही तूं? मागीर मराठी कित्याक?' त्यामुळे मी स्टीफन्सवर लिहायला बसले तेव्हा पहिल्याच वाक्यात ठसठशीत 'मराठी कवी' लिहायचं ठरवून बसले होते. ते वाक्य स्टीफन्सपेक्षा माझ्यासाठी होतं, हे आता कबूल करते.

मी ते आधी धूळपाटीवर लिहिलं. विकिपीडियावर सरावासाठी जी कोरी जागा मिळते तिला मराठीत हे सुंदर नाव आहे. लिहून मैत्रिणीला दाखवलं. ती म्हणाली, 'अगो, तू चरित्र लिहितेस की उत्तर देतेस?' मग मी शिक्का काढला. कोणत्या साली, कोणत्या भाषेत, कोणतं पुस्तक, एवढंच ठेवलं. 'क्रिस्तपुराण' मराठीत, व्याकरण कोंकणीचं. वाक्य आता कोणाच्या बाजूचं नाही, पण माझी बाजू त्यात आहे, आणि ज्याला दुसरी हवी त्याचीही.

मराठीत आणखी एक गंमत आहे. इंग्रजीत पोपपासून पाकीटमारापर्यंत सगळ्यांना एकच सर्वनाम. मराठीत लिहायला घेतलं की लगेच ठरवावं लागतं: 'तो आला' की 'ते आले'? आदर किंवा अनादर क्रियापदातच बसलेला. 'संत', 'फादर', 'पंडित', 'महाराज' या पदव्या लावायच्या की नाही हा वाद वेगळाच. तटस्थ राहा म्हणणं सोपं आहे, पण आपलं व्याकरणच तटस्थ नाही. यावर मला एकच उपाय दिसतो: जे ठरवाल ते सगळ्यांना सारखं लावा. आवडत्या कवीला 'ते' आणि नावडत्याला 'तो', हे चालायचं नाही.

जिवंत माणसं आणि चावडी

आतापर्यंतची सगळी उदाहरणं गेलेल्या माणसांची आहेत. जिवंत माणसाच्या चरित्राला नियम जास्त कडक, आणि त्यामागे एक प्रसंग आहे. मे २००५ मध्ये कोणीतरी गंमत म्हणून जॉन सीगेन्थालर या अमेरिकन पत्रकाराच्या लेखात लिहिलं की केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध असल्याचा संशय होता. साफ खोटं. ते चार महिन्यांहून जास्त काळ तसंच राहिलं. सीगेन्थालर यांनी वर्तमानपत्रात लेख लिहिल्यावर गहजब झाला. त्यानंतर जिवंत व्यक्तींविषयीचं धोरण कडक होत गेलं: बदनामीकारक मजकुराला पक्का संदर्भ नसेल तर 'संदर्भ हवा'ची पाटी लावून वाट बघायची नाही, तो तिथल्या तिथे काढायचा. चर्चा नंतर.

आणि दोघांचं जुळतच नसेल तर? आधी तिसऱ्याचं मत घ्यायचं, ज्याचा या विषयाशी संबंध नाही अशा कोणाचं तरी. तरी सुटलं नाही तर प्रश्न सगळ्यांसमोर न्यायचा. मराठी विकिपीडियावर या जागेचं नाव आहे 'चावडी'. गावच्या चावडीसारखंच तिथे ज्याला बोलायचं त्याने बोलावं. हात वर करून मोजणी हा शेवटचा शब्द नसतो; कोणाच्या म्हणण्याला आधार आहे ते पाहिलं जातं. 'प्रचालक' नावाचे काही जाणते सदस्य असतात, त्यांना पान कुलूपबंद करता येतं किंवा उत्पात करणाऱ्याला रोखता येतं. पण १८२२ की १८२४ हे ठरवायचा अधिकार त्यांना माझ्यापेक्षा जास्त नाही. इंग्रजी विकिपीडियावर तर लवाद समितीसुद्धा आहे. तीही निवाडा देते तो माणसांच्या वागण्यावर, मजकुरावर नाही.

हँडबिल

एवढं सगळं पटल्यावर एक गोष्ट मात्र मला टोचते.

माझे शापाय, म्हणजे आजोबा, पेडण्यातल्या मराठी नाटकांना व्हायोलिनची साथ करायचे. जत्रेचं नाटक, देवळाचं मांडव, आणि साथीला आमचा क्रिस्तांव म्हातारा. शामायची इच्छा होती की मी 'त्या कंप्युटरात' त्यांच्यावरही लिहावं. मी धूळपाटीवर पाच वाक्यं लिहिली आणि प्रत्येकापुढे मनातल्या मनात पाटी लावत गेले: संदर्भ हवा, संदर्भ हवा. त्यांच्यावर कुठे काही छापूनच आलेलं नाही. विकिपीडियाच्या हिशेबाने ते उल्लेखनीय नाहीत. नियम योग्य आहे. तो नसता तर प्रत्येकाने आपापल्या आजोबांना सम्राट केलं असतं. पण नियम योग्य असला तरी मला शामायला सांगावं लागलं की नाही लिहिता येणार. 'कोणें सांगलें तुका?' ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग तिने ट्रंकेतून एक हँडबिल काढलं. पिवळं, दुमडून चिरलेलं. खाली बारीक अक्षरांत 'व्हायोलिन साथ' आणि शापायचं नाव. वार आहे, वेळ आहे, साल नाही. शामाय म्हणते, पाय जन्मला त्या वर्षीचं नाटक. मोठा तियो म्हणतो, छे, त्याच्या दुसऱ्या वर्षीचं. पायच्या बाप्तिस्म्याची तारीख इगर्जीच्या पुस्तकात मिळेल, पण नाटकाची नाही.

तर मी भाऊ दाजींच्या वेळी शिकले तेच केलं. हँडबिलचा फोटो काढला, वहीत दोन्ही वर्षं लिहिली, कोण कुठलं म्हणतो ते लिहिलं. शामायचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करते आहे, तिच्याच कोंकणीत. जुन्या नाटकांवर उद्या कोणी नीट पुस्तक लिहिलं तर त्याला हे देता येईल. पेडणे, डिचोली, सत्तरीकडच्या वाचकांच्या घरी अशी हँडबिलं असतील तर फेकू नका. मागच्या बाजूला साल लिहून ठेवा, आणि ते साल कोणी सांगितलं तेही.